मिलिटरीत नव्हे, बोटीवर: लालबागच्या एका कुटुंबाचा शोध

लढाईत गेलेल्या माणसाचा माग काढायला निघालेल्या घरांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: त्यांची समाधी कुठे आहे? मी उलट विचारतो, ते कोणत्या खात्यात होते? उत्तर येतं "मिलिटरीत", आणि निम्मा घोळ तिथेच झालेला असतो. लालबागच्या एका कुटुंबाचं प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण त्यात हा घोळ अगदी नमुनेदार आहे आणि तो कोणत्या कागदावर सुटला तेही दाखवता येतं. कुटुंबाच्या सांगण्यावरून नावं आणि गाव दिलेलं नाही.

घर मूळचं देवगड तालुक्यातलं. शोध ज्यांच्यासाठी चालला होता त्या आजी आता ऐंशी ओलांडलेल्या. वडील गेले तेव्हा त्या आईच्या पोटात होत्या. "बापाशीक मी बघूकच नाय," एवढंच त्या सांगतात. फोटो नाही, पत्र नाही. मुलगा बेस्टमधून निवृत्त झालेला, आणि इंटरनेटवरची सगळी खटपट नातीची.

माणूस कसा गेला याच्या घरात तीन कथा होत्या. मुलाच्या मते आजोबा मराठा पलटणीत होते आणि जर्मनीच्या लढाईत गेले. आजींचे मामा सांगायचे की गोदीतल्या स्फोटात गेला, म्हणजे 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन हे दारूगोळ्याचं जहाज फुटलं त्यात. आणखी एका नातेवाइकाने तर त्यांना फेब्रुवारी 1946 च्या नाविकांच्या उठावात नेऊन बसवलं होतं. यात नवल नाही. त्या दहा वर्षांत मुंबईच्या धक्क्यावर जो कोणी मेला, त्याला पुढच्या पिढीने ठाऊक असलेल्या मोठ्या घटनेत बसवलं. अशी कथा खोटी म्हणून फेकून देऊ नये. तिन्ही कथांत गोदी, बोट किंवा लढाई आहे, एवढं त्यातून हाती लागतंच.

चौथी गोष्ट आजींकडे होती, पण ती कोणी मोजत नव्हतं, कारण तिच्यात लढाई नव्हती. त्यांची आई म्हणायची, "बोट सुटली, आठ दिवसात मानसा परत इली, ह्यो काय येवक नाय." मला हे वाक्य बाकीच्या तिन्ही कथांपेक्षा मोलाचं वाटलं. घरच्या गोष्टी वाढत जातात तशा भव्य होत जातात. ही उलट लहान आणि विचित्र आहे. आठ दिवसांत माणसं परत येतात ही गोष्ट कोण कशाला रचेल?

तोवर कुटुंबाने बरंच केलं होतं. दिल्लीला गेल्यावर इंडिया गेटवर नाव शोधून झालं होतं. ते सापडणं शक्यच नव्हतं, कारण तिथली तेरा हजारांवर नावं पहिल्या महायुद्धातली, वायव्य सरहद्दीवरची आणि 1919 च्या अफगाण युद्धातली आहेत. दुसऱ्या महायुद्धाचा त्या भिंतींशी संबंध नाही. पुण्याला खडकीच्या वॉर सिमेट्रीतही फेरी झाली होती. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला पत्र गेलं होतं. तिथे असं नाव नव्हतं आणि असायचं कारणही नव्हतं.

गाठ सुटली ती ट्रंकेतल्या एका चिटोऱ्याने. आजींच्या आईने पोथीच्या कापडात गुंडाळून ठेवलेला, "पेन्शनचा कागद" म्हणून घरात ओळखला जाणारा. तो पेन्शनचा नव्हता. मनीऑर्डरच्या फॉर्मचा खालचा तुकडा होता, पैसे घेणाऱ्याकडे राहतो तो. शाई तपकिरी पडलेली, घडीवर कागद फाटलेला. वरून उजेड पाडला तर काही दिसत नव्हतं; मोबाइलचा टॉर्च कागदाला जवळजवळ आडवा धरला तेव्हा अक्षरांच्या कडा उठल्या. पाठवणाऱ्याच्या जागी इंग्रजीत "शिपिंग मास्टर, बॉम्बे". मजकुराच्या जागेत एक क्रमांक आणि "मयत खलाशाचा पगार" अशा अर्थाचे दोन-तीन तुटक शब्द. टपालाच्या गोल शिक्क्यातला दिवस पुसलेला, महिन्याची अक्षरं अर्धवट, पण वर्षाचे 43 हे आकडे स्वच्छ.

या एका कागदाने किती कामं केली बघा. शिपिंग मास्टर हा सरकारी अधिकारी. व्यापारी जहाजांवरच्या खलाशांची भरती त्याच्यासमोर करारावर सह्या-अंगठे होऊन व्हायची. खलाशी सफरीत मेला तर त्याचा उरलेला पगार आणि सामान त्याच्याकडे जमा व्हायचं आणि तो ते वारसांना द्यायचा. पलटणीतल्या शिपायाच्या बायकोला शिपिंग मास्टर पैसे पाठवणार नाही. म्हणजे खातं ठरलं: लष्कर नाही, आरमारही नाही, मर्चंट नेव्ही. आणि जानेवारी असो की डिसेंबर, शिक्का 1943 चा आहे, म्हणजे 1944 चा स्फोट आणि 1946 चा उठाव दोन्ही एका दमात बाद. मामांची कथा ऐंशी वर्षं टिकली होती. शिक्क्यातल्या दोन आकड्यांनी ती गेली.

आजींच्या जन्मतारखेवरून काळ आणखी आवळता येईल असं नातीला वाटलं. शाळेच्या दाखल्यावर तारीख होती 1 जून. ती मास्तरांची तारीख. त्या काळच्या निम्म्या महाराष्ट्राचा जन्म 1 जूनला झालेला आहे. तिच्यावर काहीही उभं करू नये.

दुसरा दुवा लालबागमध्येच होता. कोकणातल्या कित्येक गावांच्या मुंबईत गावकीच्या खोल्या होत्या. गिरणीतले, गोदीतले, बोटीवरचे गडी तिथे राहायचे, वर्गणी भरायचे. या गावाची खोली आता नाही, पण ग्रामस्थ मंडळाने जुन्या वर्गणीच्या वह्या फेकल्या नव्हत्या. 1942 च्या वहीत आजींच्या वडिलांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि पुढे "बोटीवर" असा शेरा सापडला. कार्तिकापर्यंत वर्गणी जमा, पुढचे रकाने कोरे, आणि नंतर नावावर आडवी रेघ. एवढ्याने मृत्यू सिद्ध होत नाही, माणूस खोली सोडूनही जातो. पण मनीऑर्डरचा शिक्का आणि ही रेघ एकमेकांना लागून आहेत. ज्यांची मुळं कोकणात आहेत त्यांनी परदेशी वेबसाइटला पैसे भरण्याआधी आपल्या मंडळाच्या कपाटात हात घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता प्रश्न असा उरला: 1942 च्या कार्तिकाच्या सुमारास मुंबईतून सुटलेलं असं कोणतं जहाज, ज्याची माणसं आठ दिवसांत परत आली?

उत्तर एकच बसतं. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं तिलावा. 20 नोव्हेंबर 1942, शुक्रवार, या दिवशी ते मुंबईहून मोंबासामार्गे दर्बानकडे निघालं. जहाजावर 958 माणसं होती: 732 उतारू, 222 खलाशी आणि 4 तोफची. 23 तारखेच्या पहाटेच्या अंधारात जपानी पाणबुडी आय-29 ने त्यावर पाणतीर सोडला. जहाज लगेच बुडालं नाही. होड्यांत उतरलेल्यांपैकी काहीजण ते तरंगतंय असं बघून परत वर चढले, आणि मग दुसरा पाणतीर आला. 280 जण गेले, त्यात 28 खलाशी. वाचलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांना एचएमएस बर्मिंगहॅम या क्रूझरने पाण्यातून उचललं आणि 27 नोव्हेंबरला मुंबईला आणून सोडलं. शुक्रवारी सुटलेली माणसं पुढच्या शुक्रवारी बॅलार्ड पिअरला. आजींच्या आईचं वाक्य शब्दशः खरं होतं.

ते कुठल्या कथेत का बसलं नाही, याचं कारणही तिथेच आहे. युद्धकाळात जहाज बुडाल्याच्या बातम्यांवर सेन्सॉरची कात्री असे. परत आलेल्या माणसांनी चाळीत, खोलीत, धक्क्यावर जे सांगितलं तेवढंच घरी पोहोचलं. गावी तर तेही तुटक. जहाजाचं नाव कुणी सांगितलंही असेल, पण ते आजींपर्यंत आलं नाही.

इथे एक अवघड क्षण आला. आय-29 हीच ती पाणबुडी, जिने एप्रिल 1943 मध्ये मादागास्करजवळच्या समुद्रात जर्मन पाणबुडीतून नेताजी सुभाषचंद्र बोसांना आपल्याकडे घेतलं. घरात नेताजींची तसबीर आहे, मुलाच्या वडिलांनी लावलेली. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "आईला सांगायचं का?" माझं मत विचारलं असतं तर सांगावं असंच म्हटलं असतं, पण हा निर्णय संशोधकाचा नाही. त्यांनी सांगितलं. आजींनी विचारलं, तेव्हा नेताजी त्या पाणबुडीत होते काय? नव्हते, पाच महिन्यांनी आले. "मगे त्येंचो काय दोष?" विषय संपला. तसबीर जागेवर आहे.

तिलावाबद्दल आज जे वाचायला मिळतं त्यातलं बरंचसं चांदीमुळे आहे. जहाजावर दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाण्यांसाठी घेतलेल्या चांदीच्या 2,364 लगडी होत्या. 2017 मध्ये त्या समुद्रतळातून वर काढल्या गेल्या आणि त्यांच्या मालकीचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे 2024 मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. नात चिडून म्हणाली की लगडी मोजून ठेवल्या, माणसं नाही. हे पूर्ण खरं नाही. खलाशांचीही मोजदाद आहे, फक्त ती कुठे आहे हे मुंबईतल्या त्यांच्या घरांना कुणी सांगितलं नाही.

ती आहे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे. ही संस्था 1917 साली इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन म्हणून सुरू झाली. दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे 17 लाख मृतांच्या नोंदी तिच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. नियम असा की सैनिक नोकरीत असताना कोणत्याही कारणाने गेला तरी नोंद होते, पण व्यापारी जहाजावरचा खलाशी शत्रूच्या कारवाईत गेला असेल तरच. तिलावाचे खलाशी त्यात बसतात.

नातीने तिथे आधीच शोधलं होतं आणि हात हलवत परतली होती. कारणं तीन. एक, तिने आडनाव टाकलं होतं. गावावरून "कर" लावलेलं हे आडनाव मुंबईत शाळेत घालताना आलेलं. बोटीच्या कागदावर माणूस स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढ्यावरच चढला होता. दोन, तिने जिल्हा सिंधुदुर्ग टाकला होता. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 चा. 1942 मध्ये देवगड, मालवण, वेंगुर्ला सगळं रत्नागिरीत. (सावंतवाडीवाल्यांनी तर संस्थान म्हणून वेगळं शोधावं.) तीन, शाखा म्हणून तिने लष्कर निवडलं होतं. या वेळी नाव टाकलंच नाही. जहाजाचं नाव आणि मृत्यूची तारीख टाकून जी यादी आली ती वरून खाली वाचली. यादी डाउनलोड करून घेता येते, आणि कागदावर छापून मोठ्याने वाचणं सगळ्यात बरं. रोमन लिपीत मोडलेली नावं डोळ्याला लागत नाहीत, कानाला लागतात. गोऱ्या कारकुनाने ऐकून लिहिलेलं "बिक्काजी" वाचल्यावर आजींनीच "भिकाजी" म्हटलं. तो त्यांचा आजा.

नोंद अशी: नाव, बापाचं नाव, डेकवरचा खलाशी, एस. एस. तिलावा, 23 नोव्हेंबर 1942, रत्नागिरी. वय 30.

वय जुळत नव्हतं. घरच्या हिशेबाने ते चोवीस-पंचवीसचे असायला हवेत. यावर कुटुंब जरा हिरमुसलं, पण मला ते खटकलं नाही. भरतीच्या वेळी वय विचारलं जायचं, तपासलं जायचं असं नाही, आणि चांगली जागा मिळावी म्हणून वाढवूनही सांगितलं जायचं. तरीही बापाच्या नावाचा एक आणि जहाजाचा एक असे दोनच धागे पुरेसे मानू नयेत. रत्नागिरी जिल्ह्यात भिकाजींची वाण नव्हती. म्हणून गावच्या तलाठ्याकडून जुना फेरफार काढला. 1943 सालच्या नोंदीत "अमुक बिन भिकाजी हा बोटीवर मयत झालेने" जमिनीच्या तुकड्यावर बायकोचं नाव लावल्याचं लिहिलेलं आहे, "कोम" (म्हणजे अमक्याची बायको) लावून. आता खातं, साल, बाप, बायको आणि बोट हे सगळं एका रेषेत आलं. सात-बारा आणि फेरफार हे आपल्याकडे भांडणासाठीच काढायचे असतात असा समज आहे. मृत्यूची नोंद म्हणून त्यांच्याइतका चिवट कागद ग्रामीण महाराष्ट्रात दुसरा नाही.

राहिला पहिला प्रश्न, समाधी. ती नाही. समुद्रात गेलेल्याला समाधी नसते, त्याचं नाव स्मारकावर असतं. आणि दुसऱ्या महायुद्धातल्या हिंदी खलाशांचं स्मारक म्हणजे खांब नाही, भिंत नाही. ते एक पुस्तक आहे. रॉयल इंडियन नेव्हीचे सुमारे 400 आणि व्यापारी जहाजांवरचे जवळजवळ 6,000 असे सहा हजारांहून अधिक लोक त्यात आहेत. पुस्तकाच्या प्रती दोन: एक बांगलादेशात चितगावच्या वॉर सिमेट्रीत आणि दुसरी मुंबईत, मशीद स्टेशनाजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारकही त्याच आवारात आहे. करी रोडहून मशीद चौथं स्टेशन. दिल्ली, खडकी, बेळगाव झालं. हे राहिलं होतं, कारण "मिलिटरी" म्हटल्यावर मशीद बंदर कुणाला सुचणार? तिथल्या बाजारात हे कुटुंब दर दिवाळीला सुकामेवा घ्यायला जातं.

आधी फोन करून गेले. सेलर्स होममध्ये खलाशांची राहायची सोय असते, पर्यटकांची जागा नाही ती. सरळ जाऊन थडकू नये. आजींना छापील रोमन अक्षरं वाचता येत नाहीत. नातीने ओळीवर बोट ठेवून दाखवलं, त्यांनी शेजारची दोन-चार नावंही वाचून घेतली आणि विचारलं, हे आमच्याच बोटीवरचे काय?

हाच माणूस पायदळातला असता तर वाट पूर्ण वेगळी झाली असती, म्हणून थोडक्यात. मराठा पलटणी दुसऱ्या महायुद्धात एरिट्रियातल्या केरेनपासून इटलीपर्यंत आणि इकडे ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर सांगशाकला लढल्या. त्यातल्या हिंदू जवानांचं दहन होत असे, म्हणून त्यांची नावं इटलीतल्या सांग्रो किंवा फोर्लीसारख्या ठिकाणच्या दहन-स्मारकांवर असतात, कबरीवर नाही. ज्यांचा थांग लागला नाही ते स्मारकाच्या भिंतीवर: जुलै 1944 मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून पडलेल्या रायगडच्या यशवंत घाडग्यांचं नावही इटलीतल्याच कॅसिनो गावाजवळच्या स्मारकावर आहे. पहिलं महायुद्ध असेल तर आणखी कठीण. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली नुसती संख्या. 2021 मध्ये कमिशनने स्वतःच्या अहवालात मान्य केलं की निदान 1,16,000 माणसं, बहुतेक पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन, नावानिशी स्मरली गेलीच नाहीत. तिथे नाव सापडलं नाही म्हणून घरची गोष्ट खोटी ठरवू नका.

तारीख मिळाल्यावर घरात नवा खल सुरू झाला, तिथीचा. आजवर श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला होत होतं, तिथी ठाऊक नसलेल्यांचं होतं तसं. आता गुरुजींना तारीख दिली. त्यांनी जुनं पंचांग काढलं आणि तेच अडले: 22 नोव्हेंबर 1942 ला त्रिपुरी पौर्णिमा, आणि पाणतीर लागला तो पौर्णिमा संपून वद्य प्रतिपदा लागण्याच्या अगदी सीमेवर. शिवाय वेळ कुठली धरायची, मुंबईची की त्या समुद्रातली? पहिल्या पाणतिराची की दुसऱ्या? मुलाला यात रस वाटायला लागला होता, पण आजींनी प्रतिपदा सांगून टाकली. पौर्णिमेला घरात देवळाचं त्रिपूर असतं, त्या दिवशी नको.

वयाचा मुद्दा तसाच सोडला आहे. कमिशन पुरावा पाहून नोंदीत दुरुस्ती करतं, पण वयाचा पुरावा आमच्याकडे नाही, आणि घरच्या अंदाजावर छापील आकडा बदलायला सांगणं मला पटत नाही. नावाच्या स्पेलिंगसाठी मात्र फेरफाराची प्रत आणि भाषांतर जोडून अर्ज गेला आहे. तिलावाच्या यादीत रत्नागिरी जिल्ह्यातली दिसणारी आणखी काही नावं आहेत. ती देवनागरीत करून, बापाच्या नावासकट, मुलाने मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. तिथून ती शेजारच्या गावांच्या मंडळांत फिरतायत. एक फोन विजयदुर्गहून आला होता, पण तो माणूस 1944 च्या स्फोटातलाच निघाला.